मुलींनी लिहू नये असं उद्दिष्ट

पशुसंवर्धनाच्या पदविकेत शेवटी जनावरांच्या दवाखान्यात काम शिकायला पाठवतात. जाण्याआधी आपण तिथे काय शिकणार, ती उद्दिष्टं लिहून तिथल्या डॉक्टरांची सही घ्यायची. मी पहिलंच लिहिलं, ‘गाय गाभण आहे की नाही, हे हात घालून ओळखता येणे.’ सक्करदऱ्याकडच्या दवाखान्यातल्या सरांनी ते वाचलं आणि कागद असा टेबलावर ठेवला, जणू मी त्यात शिवी लिहिली होती.

“मुलीनं हे काहून लिहावं? लोकं काय म्हणतीन?”

त्यांनी ती ओळ खोडली आणि वर ‘लसीकरणाच्या नोंदी ठेवणे’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. मी कॉलेजच्या मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, घे ना जुळवून, मार्क त्यांच्याच हातात आहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला माझ्या गावी, काटोलला परत जाऊन हेच काम करायचं होतं. तिथे लोक दारात गाय उभी करून आधी एकच विचारतात, गाभण आहे का? त्याचं उत्तर देता येत नसेल तर मला दुसऱ्यांदा कोण बोलावणार? नोंदी ठेवते म्हणून?

माझ्यासोबत वर्गातला एक मुलगाही होता. त्याने शब्दन्‌शब्द तेच उद्दिष्ट लिहिलं होतं आणि त्यावर सरांनी न वाचताच सही केली. पहिल्या गाईला त्याला शेणाशिवाय काही लागलं नाही. सर त्याच्या शेजारी उभे राहून सांगत होते, डावीकडे घे, आता खाली, घाई नको, जमते हळूहळू. मी टेबलाशी बसून लसींच्या नोंदी करत होते. रेघा मारताना पेनाने कागद फाटायचा.

एक दिवस तो आला नव्हता. जवळच्याच गोठ्यातल्या मावशी गाय घेऊन आल्या. सर कुणाशी तरी बोलत बाहेर उभे होते. मी गाय खोड्याच्या लोखंडी चौकटीत घेतली, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि मावशींना सरळ विचारलं, मी शिकतेय, बघू का? त्या म्हणाल्या, “पाह्य वं पोरी. मायी गाय गरीब हाय, लात नाही मारत.”

मला काहीच कळलं नाही. आत सगळं सारखंच गरम आणि मऊ लागत होतं, त्यात गाय कुंथून माझा हात आवळत होती. तेवढ्यात सर आले. हाताची घडी घालून ते लांब उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “पाहिलंस? म्हणूनच खोडलं होतं.”

मी हात बाहेर काढला नाही. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल.

“येत नाही म्हणूनच तर लिहिलं होतं, सर. येत असतं तर इथे कशाला आले असते? त्याला सांगता ते मलाही सांगा. नाही तर कागदावर लिहून द्या, मुलींना शिकवणार नाही. त्यावर मी आत्ता सही करते.”

सरांचा चेहरा पडला. मावशी त्यांच्याकडेच बघत होत्या. मग ते जवळ आले आणि तुटक आवाजात म्हणाले, डावीकडे घे, आता खाली. घाई नको, हे मात्र म्हणाले नाहीत. मी बोटं सरकवत नेली, आणि पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी बोटांखालून हललं. मी पुन्हा चाचपलं. तेच होतं, गर्भाची पिशवी.

“गाभण आहे, मावशी,” मी म्हणाले.

सरांनी लगेच दुसरा हातमोजा घातला, मला बाजूला केलं आणि स्वतः तपासलं. बराच वेळ लावला. मग हात काढून, माझ्याकडे न बघता, मावशींना म्हणाले, “गाभण आहे.”

मावशी गाईचा दोर सोडत होत्या. “हो नं सर,” त्या म्हणाल्या, “पोरीनं सांगतलं.”