महादेवाला बुडवायला गेलो होतो

श्रावणात पुण्याहून निघालो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि एसटीतले सगळे त्याला शिव्या घालत होते. दौंड मागे पडलं तशा शिव्या थांबल्या, कारण पाऊसच थांबला. श्रीगोंदा तालुक्यात शिरलो. कालव्याकाठी ऊस माजलेला होता. कालवा वळला तिथे हिरवळ संपली. पाणीसुद्धा माणसं ओळखून वळतं म्हणायचं.

माझा कॉलेजातला मित्र सर्जेराव इथल्या एका गावात मास्तर आहे. "पावसाची किंमत बघायची असंल तर ये," असं तो फोनवर म्हणाला होता. पोचल्यावर वहिनींनी आंघोळीला बादली दिली. मी ती ऐसपैस संपवून वर "अजून अर्धी मिळेल का?" असंही विचारलं. वहिनी नुसत्या हसल्या. ती बादली घरातल्या चौघांची होती, हे सर्जेरावने जेवताना सांगितलं. पानात शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या, तिखट रश्श्यात शिजवलेल्या वळकट्या) होते. डोळ्यांत आलेलं पाणी मी त्यांच्या तिखटावर ढकललं.

दुपारी टँकर आला. तो चार दिवसांतून एकदा येतो. नेमकं त्याच दिवशी गावाने महादेव कोंडायचं ठरवलं होतं. म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायचं भोक बुजवायचं, घरटी एक हंडा ओतायचा आणि पिंड बुडवायची. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. प्यायला पाणी नाही, म्हणून प्यायचं पाणी ओतायचं! इतका चोख उपाय एखाद्या सरकारी समितीलाही सुचला नसता.

देवळामागे हिराबाईंची आठ लिंबाची झाडं. नवरा गेल्यावर तेवढाच आधार, आणि आता त्यांचीही पानं मुरडलेली. हिराबाई हंडा घेऊन देवळाकडे निघालेल्या पाहून मी शहाणपणा केला, "मावशी, झाडांना घाला की!"

"मंग देवाला न्हाई म्हनू व्हय?" त्या म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत गाव ओतत राहिलं, पण पिंड बुडेना. उलट पाणी उतरायला लागलं. शोधाशोध केली तर मागच्या भिंतीतल्या त्याच बुजवलेल्या भोकातून धार लागलेली, थेट हिराबाईंच्या झाडांच्या आळ्यात.

"हे हिचंच काम!" कुणीतरी ओरडलं.

म्हातारा गुरव पुढे आला. "तिला बोलू नगा. भोक म्या बुजवलं. चिखल कराया पानी लागतं, म्हनून कोरडीच माती ठासली."

पाण्याची बचत म्हणतात ती ही. तांब्याभर वाचवलं आणि गावाचं घालवलं. मला हसू आलं, आणि खरं सांगतो, आनंदही झाला. देवाने नाही तर नाही, निदान झाडांनी तरी पाणी प्यायलं होतं.

हिराबाई घरी गेल्या. उरलेला एकमेव हंडा घेऊन आल्या, खाली बसून स्वतः चिखल कालवला आणि भोक लिंपलं. उरलेलं पाणी पिंडीवर ओतलं.

"मावशी, अहो झाडं?" माझ्याने राहवलं नाही.

"आठ झाडांनी गाव जगतं का, दादा? पाऊस आला तर समद्यांचंच जगंल."

मग एकेक जण घरी जाऊन दुसरा हंडा घेऊन आला. दिवेलागणीला पिंड बुडाली. टोमणे मारायची माझी हौस तेवढ्यापुरती कुठे गेली कोण जाणे.

पुण्यात परतलो तर आमच्या सोसायटीत 'हा पाऊस कधी एकदा थांबतोय' यावर सर्वांचं एकमत झालं होतं. दहा-बारा दिवसांनी सर्जेरावचा फोन आला.

"पाऊस?" मी विचारलं.

"न्हाई."

"आणि हिराबाईंची झाडं?"

"तीन राह्यलीत. आज परत महादेव कोंडला. पहिला हंडा तिचाच हुता."

बाहेर धो धो पडत होता. मला त्या पावसाची इतकी लाज वाटली की मी खिडकी लावून घेतली.