नाक्यावर अडणारी गाडी

दशरथ परब गिरणीत फिटर होता तेव्हा त्याच्या खात्याबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. मढ्याच्या गाडीवर बसायला लागला आणि विक्रोळी स्टेशनपासून हायवेपर्यंत सगळे ओळखायला लागले. ओळखायचे, आणि सकाळच्या पारी समोरून आला की वाट बदलायचे. तो मनाला लावून घ्यायचा नाही. म्हणायचा, "आता चुकवा. शेवटाक माझ्याच गाडीत झोपूचा आसा तुमका."

ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती त्याच्यापुरती कायमची. सव्वीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस घरात बसून बायकोचा स्टोव्ह सोडायचा आणि परत जोडायचा. आमच्या सात चाळींचं मिळून एक मंडळ होतं. त्याच सुमारास कुठल्याशा कारखान्याच्या साहेबाने नवी गाडी घेतली आणि जुनी या मंडळाला देऊन टाकली. लांबट गाडी, मागून दार, वीसेक वर्षं रस्त्यावर काढलेली. मंडळाचे अध्यक्ष भाऊराव यांनी मागच्या सीटा काढून फळी ठोकून घेतली आणि दशरथला बोलावलं. गाडी चालवायची त्याने, राखायचीही त्याने.

आमच्याकडे रीत अशी, की चाळीच्या दारापासून नाक्यापर्यंत गाडी माणसाच्या पावलाने न्यायची. पुढे मडकं धरलेला मुलगा, मागे पुरुषमाणसं, त्यांच्या मागे बायका. नाक्यावर बायका शेवटचा नमस्कार करून माघारी फिरतात. मग पुरुष टेम्पोत बसतात आणि सगळे मसणात जातात.

हे पावलाने चालणंच गाडीला सोसत नव्हतं. रस्त्यावर पळवली तर मुलुंडपर्यंत तक्रार नाही, पण पाय उचलला, इंजिन हळू फिरायला लागलं, की दोनदा खोकून बंद. तेही गार असताना नाही. तापली, की नेमकी नाक्याच्या आसपास. मग दहा मिनिटं सेल्फ मारा नाहीतर शिव्या मारा, उठायची नाही. आणि दहा मिनिटांनी काही न करता उठायची.

पहिल्यांदा अडली ती एका म्हाताऱ्याला नेताना. त्याचे दोन मुलगे खोलीवरून भांडत होते, हे साऱ्या चाळीला माहीत होतं. गाडी थांबली तशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गावाकडे पिंडाला कावळा शिवला नाही की जे करतात, तेच भाऊरावांनी केलं. थोरल्याला पुढे बोलावलं आणि बाबांसमोर काय ते बोलून टाक म्हणाले. तो बराच वेळ उभा राहिला, मग रडला, मग धाकट्याला खोलीतून काढणार नाही म्हणाला. दशरथने सेल्फ मारला. गाडी चालू झाली.

त्या दिवसापासून गाडीचं नाव झालं. ती अडली म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. नाही अडली तर तृप्त गेला बिचारा. नाक्यावर, चारचौघांत दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. दारूड्याने दारू सोडली. कुणी बहिणीला लग्नातला दागिना परत केला. लोक दशरथलासुद्धा हात जोडायला लागले, आणि तो कानकोंडा व्हायचा, कारण त्याच्या लेखी ते एक बिघडलेलं इंजिन होतं आणि ते त्याला दुरुस्त करता येत नव्हतं.

त्याने करायचं काही ठेवलं नव्हतं. प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोल पंपाचा पडदा नवा घातला, कार्ब्युरेटरचे जेट चार वेळा काढून फुंकले. एकदा स्क्रू पिळून इंजिनाची चाल वाढवून ठेवली, तर गाडी मढ्यासकट हिसडे देत पुढच्या माणसांच्या टाचांना लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "दशरथ, मढं पळवतोस काय रे?" माणसं हसली, घरातली बाई रडता रडता हसली. पुन्हा त्याने स्क्रूला हात लावला नाही. अर्ध्या क्लचवर, एक पाय पेट्रोलवर ठेवून बघितलं, तर महिनाभरात क्लच जळाला आणि भाऊरावांनी तेही बंद केलं.

मग पंच्याऐंशी साली चाळीतल्या जयवंतची बायको बाळंतपणात गेली. जयवंत स्वतः तेवीस वर्षांचा. गाडी नाक्यावर थांबली आणि सासरे पुढे झाले, म्हणाले, बोल, हिच्या मनात काय राहिलंय ते बोल. चार तोंडं चार बाजूंनी बोलायला लागली. शेवटी जयवंत म्हणाला, मी परत लग्न करणार नाही. तेवढ्याने सासऱ्यांचं समाधान झालं. इंजिनही तोवर गार झालं होतं.

त्या संध्याकाळी दशरथ जेवला नाही. पुढच्या रविवारी मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी तासभर चालू ठेवून तिला कढत केली, बॉनेट उघडलं, आणि एक डोळा मिटून चमच्याने थेंब थेंब पाणी कार्ब्युरेटरच्या भोवती सोडत बसला. एका जागी थेंब खाली ओघळला नाही, आत ओढला गेला. आणि तेवढ्यापुरती इंजिनाची धडधड एकसारखी झाली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बोटभर जाडीची एक काळी चकती असते. ती त्याने सोडवून काढली. तिला केसाएवढी चीर होती. गार असताना मिटलेली, तापली की उघडायची, आणि नको ती हवा आत घ्यायची. तीन वर्षं सगळी चाळ त्या चिरेसमोर हात जोडत होती.

इथपर्यंत त्याचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याने धड चकती आणून बसवली आणि जुनी घेऊन नाक्यावरच्या चहावाल्याकडे गेला. जयवंत त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. तिथे बसलेल्या सगळ्यांसमोर त्याने ती चकती चिमट्यात धरून शेगडीवर धरली. चीर उघडली. "हो बघा तुमचो आत्मो," तो म्हणाला. "इंजिनाक काय इच्छा नसता रे." चकती हातोहात फिरली. चंद्रप्रकाश सावंतने ती रुमालात धरून उजेडापुढे नेली, आरपार बघितलं आणि सगळ्यांत मोठ्याने हसला. भाऊराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तुला एवढं खणत बसायला कुणी सांगितलं होतं?

चंद्रप्रकाश दशरथच्या शेजारच्या खोलीतला. त्याची धाकटी बहीण नंदा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिने घाटकोपरच्या खंडू जाधवशी लग्न केलं. पोस्टात कारकून, निर्व्यसनी, बोलायला सभ्य मुलगा. पण बौद्ध. चंद्रप्रकाशने तिला उंबऱ्याबाहेरच सांगितलं, की आता ह्या घरात पाऊल नाही, आई जिवंत असेपर्यंत नाही आणि मेल्यावरही नाही. त्याला चार वर्षं झाली होती. आई सुगंधा पाय सुजून अंथरुणाला खिळलेली. घाटकोपर पुढचंच स्टेशन, पण तिला सुरतेएवढं लांब.

चहाच्या गाडीवरचा तमाशा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिने दशरथला बोलावून घेतलं. सून नळावर गेली होती. सुगंधा गाडीच्या गोष्टी सगळ्या ऐकून होती. फक्त शेवटची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

"दशरथा," ती म्हणाली, "माज्या वेळेक ती तुजी गाडी नाक्यार थांबतली मा?"

दशरथने दाराकडे बघितलं.

"चंदू माका तोंडान हो म्हणाचो नाय. पण चार माणसांत गाडी अडली की तेका बोलूक लागतला. नंदाक माज्या पायाक लागांदे. मागसून घरात येवदे. इतक्याच."

खरं सांगायला एवढी चांगली वेळ परत यायची नव्हती. पण म्हातारीने हे कधीपासून मनात धरलं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिच्या मरणात तिला तेवढीच एक बरी गोष्ट दिसत होती. दशरथ म्हणाला, "थांबतली गो वयनी."

ती शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर गेली, सकाळी आठला. अकराला न्यायचं ठरलं. दशरथ शेडमध्ये गेला. चिरलेली चकती पत्र्याच्या डब्यात होती. दोन नटांचं काम, वीस मिनिटं. त्याने पाना लावला, पाव फेरा पिळला, आणि थांबला. सव्वीस वर्षं गिरणीत आणि चार वर्षं इथे त्याने वाईट काढून चांगलं बसवलं होतं. चांगलं काढून वाईट बसवायला हात उठेना. आणि मग त्याच्या मनात आलं, की एवढं करायचं कशाला? चावी माझ्याच हातात आहे. नाक्यावर फिरवली की झालं. त्याने नट परत आवळला.

अकराला सगळे निघाले. चंद्रप्रकाश पुढे मडकं घेऊन, उघड्या अंगाने. गाडी मागून मऊ चालत होती. नाक्यावर, रस्त्याच्या पलीकडे, केमिस्टच्या दुकानापाशी नंदा उभी होती. हातात कागदात गुंडाळलेला हार. खंडू तिच्या मागे दोन पावलं, लोकांना दिसू नये असा. दशरथने चावी फिरवली.

गाडी थांबली. सवयीने सगळे थांबले. बायकांत कुजबुज झाली, आणि बऱ्याच माना केमिस्टच्या दुकानाकडे वळल्या. भाऊरावही क्षणभर विसरले असावेत, किंवा विसरायचं त्यांनी ठरवलं असावं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बोल रे चंद्रप्रकाश. आईला काय सांगायचं ते सांगून टाक."

चंद्रप्रकाश वळला. मडक्याच्या धुराने डोळे लाल झालेले. तो भाऊरावांशी बोलला नाही, गाडीच्या खिडकीशी आला. आवाज चढला नव्हता.

"काका, तो तुकडा तुम्ही माझ्याच हातात दिला होता."

दशरथ समोर बघत राहिला.

"आई नाय थांबली. तुम्ही थांबवलीत. चालू करा."

"तिणा माका सांगलेला चंदू," दशरथ म्हणाला. "तिची इच्छा होती. तिच्या तोंडची."

"इंजिनाला इच्छा नसते म्हणालात ना?"

"इंजिनाची नाय रे..."

"चालू करा काका. ऊन होतंय."

ते खिडकीतलं बोलणं भाऊरावांनी ऐकलं आणि मान खाली घातली. मागच्यांपर्यंत ते कसंतरी पोचलं. कुणीतरी खाकरलं, कुणी चप्पल सरळ केली. चकती सगळ्यांनी बघितली होती. दशरथचा शब्द, म्हातारीचा शब्द, त्यांना आता वजन नव्हतं. गाडी खरीच बंद पडली असती, तर ह्याच माणसांनी चंद्रप्रकाशला तासभर उन्हात उभं केलं असतं. नंदा फुटपाथवरून एक पाऊल खाली उतरली होती. खाली उतरून तशीच थांबली.

दशरथने सेल्फ मारला. अर्ध्या आवाजात इंजिन उठलं. गिरणीत एखादं मशीन असं पहिल्या झटक्यात लागलं की तो खात्यातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवायचा.

बायका नमस्कार करून फिरल्या. त्यांच्यातली एकही रस्ता ओलांडून पलीकडे गेली नाही.

तेराव्याचं उरकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दशरथने गाडीची चावी भाऊरावांच्या हातात दिली. त्यांनी कारण विचारलं नाही. तो तसाच घाटकोपरला गेला, विचारत विचारत खंडूची खोली शोधली. खंडूने पाणी दिलं आणि नंदाला हाक मारून स्वतः दाराशी बसला. दशरथने सगळं सांगितलं. म्हातारीने काय मागितलं, तो काय म्हणाला, डबा, पाना, ते दोन नट. काही लपवलं नाही. मी ती चकती लावली असती, तर तुझ्या भावाला बोलावंच लागलं असतं, असंही म्हणाला.

नंदा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, की आई नाव घेऊन बोलली का, की "पोर" म्हणाली? तो म्हणाला, नाव घेतलं. तिने मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

मग म्हणाली, "काका, मला माणसांतून काही दिसलंच नाही. साडी कुठली नेसवली होती हो तिला?"

दशरथने आठवून बघितलं. गाडीची पुढची काच आठवली, पुढे चालणारी उघडी पाठ, केमिस्टची पाटी. चार वर्षांत एवढ्या माणसांना पोचवलं, पण मागे वळून त्याने कुणालाच कधी बघितलं नव्हतं.

"माका म्हायत नाय गो बाय," तो म्हणाला. "मी फुडे बघी होतंय."