दुसऱ्यांची मुलं सांभाळायला शिकवताना

कॅम्पच्या अपघात-नोंदवहीत ‘काय घडलं’ यासाठी चार ओळी असतात. जे घडता घडता राहिलं, त्याला मात्र जागाच नाही! मग ते कुठे जाणार? माझ्या पोटात!

इंग्लंडमधल्या लीड्सच्या आम्हा मराठी मंडळींचा दर उन्हाळ्यात डेल्सच्या डोंगराळ भागात लहान मुलांचा कॅम्प असतो. त्याआधी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना कॅम्पचे ‘लीडर’ व्हायला शिकवायचं काम माझ्याकडे. जोडीला ग्रॅहम. तो पूर्वी डोंगरात हरवलेल्या माणसांना शोधायला जायचा. त्यामुळे त्याला कशाचीच भीती वाटत नाही आणि मला सगळ्याची वाटते. अशी आमची टीम! मैत्रिणी चहाला जमल्या की म्हणतात, “वैशाली, एखादा किस्सा सांग ना.” एखादा? अगं, माझ्याकडे ढीग पडलाय!

*

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी आम्ही खरी मुलं आणतो. आठ-नऊ वर्षांची, बारा. सिया नावाच्या ट्रेनीला सांगितलं, “दर दहा मिनिटांनी मोजायची.”

ओढ्यावरून परत आल्यावर सियानं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली आणि पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली.

“काकू, तेरा आहेत.”

एक कमी भरलं तर काय करायचं, हे आम्ही दोन दिवस शिकवलं होतं. एक जास्त भरलं तर? मी स्वतः मोजली. तेरा! शेवटी एक अनोळखी मुलगा सापडला, हातात आमची बिस्किटं घेऊन शांतपणे उभा. शेजारच्या कुरणात एका शाळेची सहल आली होती, तिथून आला होता.

मी हुश्श करून खाली बसले. “सुटलो गं बाई!”

सिया ओरडलीच, “सुटलो काय? तिकडे आत्ता कोणीतरी माझ्यासारखं मोजत असेल!”

आणि त्या पोराचा हात धरून ती जी पळाली!

*

हरवलेलं मूल शोधायची ड्रिल. ग्रॅहमनं विचारलं, “कोणाला लपवू या?” मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “माझ्या नीलला लपव.” नील तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला क्रिस्प्सचं, म्हणजे वेफर्सचं, पाकीट देऊन शेडमध्ये बसवलं. ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

नियम असा, की मूल हरवलं तर आधी पाणी बघायचं. रोहन, सहा फूट उंच, रग्बी खेळणारा, बुटांसकट तळ्यात शिरला. गुडघाभर पाण्यात हात घालून चाचपायला लागला आणि “नील! नील!” म्हणून हाका मारायला लागला.

नील शेडमध्ये आहे हे मला माहीत होतं. पण त्या पाण्यात हात घालून कोणीतरी माझ्या मुलाचं नाव घेत होतं! मला राहवलं नाही. मी धावत जाऊन शेडचं दार उघडलं.

आत क्रिस्प्सचं रिकामं पाकीट होतं. नील नव्हता.

ग्रॅहम माझ्यामागे आला, त्यानं आत पाहिलं आणि शिट्टी वाजवली. “ऐका सगळे! ही ड्रिल नाही!”

चार मिनिटं. पोरटं टॉयलेटला गेलं होतं. पँटची बटणं लावत बाहेर आलं आणि म्हणालं, “मी जिंकलो का?”

*

एकदा सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. नाव न घालता लिहा, कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? गांधीलमाशा होत्या, अंधार होता, ‘मुलं मला हसतील’ होतं. एका चिठ्ठीवर मोडक्या देवनागरीत लिहिलं होतं, “आईबाबा मुलं देतात आणि गाडीतून हसून जातात, ते.”

ती चिठ्ठी ग्रॅहमला इंग्लिशमध्ये सांगितली. त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, “मलाही तेच.”

*

आमच्या एका ट्रेनीला, अन्वीला, शेंगदाण्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी. तिच्या खिशात कायम अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन-पेन. ते कसं द्यायचं, हे सुई नसलेल्या नकली पेनावर तीच सगळ्यांना शिकवत होती. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचं, दाबायचं, धरून ठेवायचं. पोरं हसत-खिदळत एकमेकांच्या मांड्यांवर पेनं मारत होती.

मग तिनं खिशातून खरं पेन काढून टेबलावर ठेवलं. “आणि मला झालं, तर कोण देणार?”

 दहा जण होते, एक हात वर नाही. अन्वी वाट बघत उभी. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी रोहनचा हात वर गेला. हा तोच तळ्यात शिरणारा रोहन. पण शाळेत लस टोचताना चक्कर येऊन पडलेला! म्हणाला, “मी देतो. पण माझा हात थरथरेल.”

“थरथरू दे,” अन्वी म्हणाली. “मांडीच आहे. डोळ्यात नाही मारायचं!”

*

गायींचा किस्सा ऐकून माझी सासू अजून माझ्यावर नाराज आहे.

मुलांना घेऊन फिरायला निघालो होतो, पायवाट एका कुरणातून जात होती. गायी होत्या आणि त्यांच्याबरोबर वासरं. ग्रॅहमनं बजावलं होतं, वासरं असतील तर गाय जीव घेऊ शकते. पळायचं नाही, ओरडायचं नाही, कडेकडेनं जायचं. आम्ही निम्म्यात पोचलो आणि रोहन दबक्या आवाजात म्हणाला, “काकू, गायी येतोय. खूप सारा गायी!”

त्या वेळी लिंग-वचन कोण बघतंय! पंधरा-वीस गायी, आधी चालत, मग जरा भरभर. मी, दर दिवाळीला वसुबारस करणारी बाई, सतरा वर्षांच्या पोराच्या मागे लपले. त्यानं मात्र एकेका मुलाला दगडी भिंतीवरून पलीकडे उचलून ठेवायला सुरुवात केली. एक चिमुरडी भिंतीवर बसली आणि हलेचना.

“पण आजी म्हणते, गाय आपली आई असते!”

रोहन म्हणाला, “ही दुसऱ्याची आई आहे. उडी मार!”

*

यंदाची गोष्ट. ईशा आमची सगळ्यात हुशार ट्रेनी. सगळी उत्तरं पाठ, सगळ्यांच्या आधी हात वर.

त्या दुपारी विषय होता, मूल गुपित सांगायला आलं तर काय करायचं. पहिला नियम: ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. ते खोटं पडतं, आणि मग ते मूल पुन्हा कोणालाच काही सांगत नाही. मी आठ वर्षांची मुलगी झाले, ईशा लीडर. मी मुसमुसत म्हटलं, “कोणाला सांगू नकोस हं.” ती गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “असं वचन मी नाही देऊ शकत. पण मी ऐकते, आणि मी कुठे जात नाही.” इतकं सुरेख, की पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सेशन संपलं, सगळे बाहेर फुटबॉलला पळाले. ईशा माझ्याबरोबर खुर्च्या रचायला थांबली. सात-आठ खुर्च्या एकावर एक झाल्या असतील. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “काकू, कोणाला सांगणार नाही ना?”

मी हसले. “वा! आता तू छोटी आणि मी लीडर का?”

ती हसली नाही. वळलीही नाही. खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं पांढरी झाली होती.

सहा वर्षं मी ते वाक्य शिकवत होते.  हो म्हटलं असतं तर ती लगेच बोलली असती. नाही म्हटलं आणि ती दारातून निघून गेली, तर?

“असं वचन... मी नाही देऊ शकत, ईशा,” मी म्हटलं. पुढचं वाक्य मला आठवेचना.

बाहेर कोणीतरी गोल मारला, आरडाओरडा झाला. ईशा तशीच उभी. मग वळून माझ्याकडे बघितलं.

“गुड,” ती म्हणाली. “मग सांगते.”

आणि तिनं वरची एक खुर्ची काढून खाली ठेवली.