शेवटच्या चिठ्ठीतले धपाटे

आज वैशालीचा वाढदिवस. आमी चौघी गंगाखेडला एकाच शाळेत शिकवतो, दुपारी डबा संगं खातो. यंदा म्हटलं, केक तर दरवेळी असतोच, खजिना शोधायचा खेळ ठेवू. चिठ्ठ्या मीच लिहिल्या, शाळेत जागोजाग लपवल्या पण मीच.

शेवटची चिठ्ठी अशी होती: 'जिच्या डब्यातले धपाटे तू न विचारता उचलतेस, तिच्या स्कुटीची डिकी उघड.'

मी आधीच माझ्या स्कुटीजवळ मोबाइल धरून उभी. वैशालीनं चिठ्ठी वाचली, हसली आन् सरळ रोहिणीच्या स्कुटीकडं पळाली. रोहिणी आत्ता जूनमध्ये बदली होऊन आलेली.

"अगं, माझ्या डिकीत काईच न्हाई," रोहिणी म्हणाली.

वैशालीनं माझ्याकडं बघून विचारलं, "मग कुणाच्या गं?"

इतकी वर्षं रोज सकाळी दोन धपाटे तिच्या नावाचे जास्तीचे थापायलेय मी.

शेवटी माझी डिकी मीच उघडली. आत ठेवलेली भेटीची साडी तिच्या हातात दिली, फोटोत हसले पण. जळायलेय का? हो, लय जळायलेय.

खरं सांगा, ही चिठ्ठी तुमच्या मैत्रिणीला दिली, तर ती कुणाच्या गाडीकडं पळंल?