भिवराबाईचा जाळ

नारायणगडाच्या उतारावर मेंढरं राखणाऱ्या भिवराबाईला लांडग्याची सगळी कुंडली पाठ. कुत्रं गुरगुरलं, की बाई उठलीच! वाघूर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, त्याच्यापुढं जाळ मोठा करायचा आणि "हाऽऽड! हाऽऽड!" करत माळ दणाणून सोडायचा. लई खमकी. एकुलता लेक अजिनाथ फौजेत निघाला, तेव्हाही डोळ्याला पदर न लावता म्हणाली, "जा बाबा, तिकडची वाघूर राख."

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. सरपंच शहादेव मुळातच हौशी. त्यानं दवंडी दिली, "सांजच्याला भोंगा वाजंल. वाजला की समद्यांनी दिवे बंद! सराव हाय."

दवंडी गावात फिरली, माळावर कोण येतंय? सांजेला भोंगा बोंबलला, गाव गुडूप झालं. ते लांबलचक हूऽऽ ऐकून भिवराबाईला वाटलं, आगं बया, लांडग्यांचं टोळकंच आलं! तिनं तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, अख्खा भारा जाळावर टाकला. पार लांबच्या मांजरसुंबा गावावरून दिसावा असा भडका!

शहादेव धापा टाकत चढून आला. "मामी, कावून पेटवलंय? इझवा!"

"आन् कोकरं गेली म्हंजे तू देतूस व्हय भरून?"

शहादेवनं कपाळाला हात लावला आणि थेट अजिनाथला फोन जोडला. नशिबानं लागला. त्याला सगळं सांगून त्यानं फोन मामीच्या कानाला लावला.

"आये, इझव जाळ."

"अरं, लांडगा उजेडाला भितो!"

"ह्यो न्हाई भीत. ह्यो वरून उजेड हुडकतच येतो. आदी फौजंला फौज भिडायची. मग इमानं आली, ती फौजंच्या डोक्यावरून गावावर जाया लागली. कुत्र्याला चुकवून लांडगा वाघुरीत शिरतो, तसं. कोकरं मारली की धनगर आपसूक हात जोडतो, असा त्यांचा हिशेब."

भिवराबाई खवळली. "चुलीम्होरची बाई, पाळण्यातलं लेकरू, त्यांच्यावर? थू! लांडगा तरी भुकंपायी येतो."

"आये, मला खंदक हाय, डोक्याला लोखंडी टोपी हाय. तुला काय हाय? तुज्या काळजीनं मला घास गिळंना."

भिवराबाईला भडभडून आलं. आजवर काळजी करायची तिनं आणि हसण्यावारी न्यायची पोरानं. तिनं घागर उचलली आणि जाळावर उपडी केली.

"इझवला रं माज्या राजा. जेव आता."

माळावर काळोख झाला. पण खऱ्या लांडग्याला सराव थोडाच ठाऊक? बाई काठी घेऊन वाघुरीत बसली आणि अंधारातच "हाऽऽड! हाऽऽड!" ओरडायला लागली. त्याला सरपंचानं मनाई केली नव्हती.