गाडी छूट गई, माल छूट गया: एका सर्व्हरसाठी दिल्लीवारी

‘‘त्यात काय एवढं? मी आणते की मशीन!’’ असं मी हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये बोलून गेले आणि पुढच्याच आठवड्यात मिरज स्टेशनवर दोन बॅगा, एक फाईल आणि दशम्यांचा डबा घेऊन उभी होते. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर जिभेला ब्रेकही नाही.

आधी थोडं सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. सांगलीतल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी खरेदी विभाग सांभाळते. आयुष्यभर लेन्स, सुया, हातमोजे आणि बेडशिटा घेतल्या. आमचा इंजिनियर समीर मुलाणी याने दोन वर्षं खपून एक एआय प्रोग्रॅम तयार केला आहे. गावोगावच्या शिबिरांत मधुमेही माणसांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढतात, ते हा प्रोग्रॅम बघतो आणि कुणाला तातडीने हॉस्पिटलात बोलवायचं ते सांगतो. डॉक्टर नंतर खातरजमा करतात. पण ज्या कॉलेजच्या मशीनवर तो चालायचा ते मशीन कॉलेजने परत नेलं. तेव्हापासून एका डॉक्टरच्या डोळ्यांवर सगळा भार. फोटो तीन-तीन आठवडे पडून, आणि तेवढ्यात एखाद्याची नजर जाते. एका देणगीदाराने सर्व्हरसाठी मदत मंजूर केली, अट एकच: मशीन मार्चअखेर हॉस्पिटलात पोचलं पाहिजे, नाहीतर मदत दुसऱ्या संस्थेला जाईल.

आता एआयचा सर्व्हर म्हणजे मिक्सर नव्हे, की दुकानात गेलो आणि पिशवीत घालून आणला. याला तीन कुलपं. एक, मागवणाऱ्याकडे सरकारची आयात परवानगी हवी. दोन, त्या मॉडेलची इथल्या मानकांनुसार नोंदणी हवी, आणि ती नुसत्या मॉडेलची नाही, ज्या कारखान्यात ते बनलं त्या कारखान्यासकट. तीन, मशीन कोण, कशासाठी वापरणार याचं पत्र. अशी मशीन्स बाहेरून मागवणाऱ्या नोएडाच्या सेठी मॅडमकडे तिन्ही किल्ल्या होत्या. त्यांची आठ मशीन्स विमानाने दिल्लीत उतरलीही होती, त्यातलं एक आमचं. पण कस्टममध्ये काहीतरी शंका निघाली आणि माल अडकला. फोनवर रोज ‘‘हो जाएगा जी’’. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! म्हटलं, समीर, चल, समोर जाऊन बसल्याशिवाय हे हलायचं नाही.

गाडी वेळेवर निघाली. मी खुशीत सेठी मॅडमना फोन लावला आणि माझ्या खणखणीत हिंदीत सांगितलं, ‘‘मैडम, हमारी गाड़ी छूट गई!’’

‘‘हाय राम! चलिए, कोई बात नहीं, टेंशन मत लीजिए,’’ त्या म्हणाल्या आणि रेंज गेली. किती प्रेमळ बाई, असं मी समीरला म्हटलंसुद्धा.

दिल्लीला रेल्वेने जाणार असाल तर एक सल्ला: डबा घरचा न्या, पण भोपाळच्या पुढे हात राखून खा, कारण दिल्लीत पोट रिकामं हवं. निजामुद्दीनला उतरलो तेव्हा सकाळची हवा मस्त गार होती आणि सावरीची लाल फुलं फुटपाथभर पडली होती. आर. के. पुरमला माझी मावसबहीण उज्ज्वला राहते. तिचे मिस्टर केंद्र सरकारात. त्यांची मुलगी आर्या, दिल्लीत जन्मलेली, कॉलेजात शिकते. दार तिनेच उघडलं. ‘‘मावशी! किती लेट! चलो, पहिले चाय पी.’’

चहा पिऊन मी सेठी मॅडमना फोन केला. त्या फरीदाबादला होत्या. ‘‘अरे, आप दिल्ली में? आपने तो कहा था गाड़ी छूट गई! मैंने आज के पास कैंसल करवा दिए।’’

कार्गो टर्मिनलवर आत जायला पास लागतात, ते त्यांनी रद्द केले होते. मी फोन ठेवला आणि तडतडले, ‘‘काय बाई आहे! गाडी सुटली म्हणून सांगितलं, तरी पास रद्द करते!’’

आर्या सोफ्यावर लोळायची बाकी राहिली. ‘‘मावशी, यार! तू उनको बोललीस की ट्रेन मिस झाली!’’

‘‘मी म्हटलं, सुटली.’’

‘‘हिंदीत गाड़ी छूट गई म्हणजे ट्रेन गेली आणि तू प्लॅटफॉर्मवर राहिलीस. छूट गया म्हणजे राहून गेलं. पक्कं लक्षात ठेव.’’

समीर भिंतीकडे तोंड करून हसत होता. एका शब्दापायी एक अख्खा दिवस गेला होता, आणि मार्च काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. पण ‘छूट गया म्हणजे राहून गेलं’ हे मात्र मी मनात कोरून ठेवलं.

मोकळा दिवस सत्कारणी लावायचा म्हणून दुपारी नेहरू प्लेस गाठलं. आर. के. पुरमहून मॅजेन्टा लाईनने कालकाजी मंदिर, तिथून चालतसुद्धा जाता येतं. मेट्रो कार्ड काढाच, रांगेतून वाचाल. कॉम्प्युटरच्या दुनियेतलं असं काही नाही जे नेहरू प्लेसला मिळत नाही. मधल्या चौकात हातगाडीवर छोले-कुलचे खाल्ले. कांदा, लिंबू, वर हिरवी मिरची, आणि प्लेट संपायच्या आत तो दादा विचारतो, ‘‘छोले और दूँ?’’ त्याचे वेगळे पैसे नाहीत! सांगलीत भेळवाला जादा शेव टाकताना तरी एवढ्या आपुलकीने विचारतो का, सांगा.

तिथेच एका दुकानात मोह भेटला. दुकानदार म्हणाला, ‘‘मैडम, परमिशन-वरमिशन छोड़िए। माल सामने है, आज ले जाइए। कागज़ पीछे-पीछे आ जाएँगे।’’

खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं. मशीन घेऊन परवा गाडीत बसता आलं असतं. समीरने झाकण उघडायला लावलं, टॉर्च मारली, वाकून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. ‘‘मॅडम, यातली कार्डं गेम खेळायच्या मशीनमधली आहेत. दिवसरात्र चालवली तर टिकणार नाहीत. आणि बिलावर मॉडेल नंबरच नाही. ऑडिटला काय दाखवणार?’’

‘‘पण मार्चअखेर, समीर?’’

‘‘दोन वर्षं मीच खपलोय ना मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘चुकीच्या मशीनवर चुकीचा रिपोर्ट गेला तर एखाद्याचा डोळा जाईल.’’

घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, अशी माझी गत होता होता वाचली. आम्ही किन्नूचा, म्हणजे तिकडच्या संत्र्याचा, रस प्यालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सेठी मॅडम भेटल्या. पंजाबी, साठीच्या, पायात स्पोर्ट्स शूज. ‘गाडी छूट गई’चा खुलासा ऐकून त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. कार्गो टर्मिनलच्या गेटवर त्यांचे कस्टम एजंट त्यागीजी उभे होते. कपाळावर टिळा, काखेत फाईल आणि तोंडात ‘‘हो जाएगा जी’’. फोनवरचा आवाज यांचाच हे मी लगेच ओळखलं.

आत गेल्यावर शंका काय ते कळलं. नोंदणी एका देशातल्या कारखान्याची, आणि खोक्यांवर चिकटवलेला पत्ता भलत्याच देशातला. समीर कागदावर वाकला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, हा पत्ता कारखान्याचा नाहीच. विकणाऱ्याने वाटेत गोदामात नवं खोकं चढवलंय, त्या गोदामाचा आहे. कारखान्याचं नाव मशीनच्या प्लेटवर असणार.’’

मी तेच माझ्या हिंदीत टेबलापलीकडच्या कस्टमच्या अधिकारी बाईंना सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘‘देखिए, लड़की का मायका पूछना है तो लड़की से पूछिए, डोली से क्या पूछते हैं!’’ त्यागीजींनी कपाळाला हात लावला. पण बाई हसल्या. ‘‘बात तो ठीक है। नियम कारखाने का है, डिब्बे का नहीं। कल डिब्बे खुलेंगे, प्लेट देखी जाएगी। जिनकी प्लेट नोंदणी से मिलेगी वो जाएँगे, बाकी रुकेंगे।’’ खरं तर त्या ‘पंजीकरण’ म्हणाल्या होत्या, नोंदणी माझ्या डोक्यात बसलीय.

तिसऱ्या दिवशी आत फक्त त्यागीजींना जायचं होतं. आम्ही दोघं गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो. आलं घातलेला चहा, खुसखुशीत खाऱ्या पुरीसारखी मठरी, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. संध्याकाळी परतीची गाडी. समीरने बायकोला फोन केला, तर त्याची धाकटी विचारत होती, ‘‘अब्बा, कॉम्प्युटर मिळाला?’’ तो ‘‘मिळतोय, बाळा’’ म्हणाला आणि फोन खिशात ठेवून मठरीचे बारीक बारीक तुकडे करत बसला.

दीडच्या सुमाराला माझा फोन वाजला. त्यागीजी. मागे भयंकर गोंगाट. ‘‘मैडम, आपका माल छूट गया! मैं आता हूँ।’’ आणि फोन बंद.

छूट गया. राहून गेलं. आठ खोक्यांतली बाकीची गेली आणि आमचंच राहिलं! प्लेट जुळली नसणार. समीरला सांगितलं तर तो चष्मा काढून पुसत राहिला. त्याचं ते बघून मला रडूच आलं. मी सांगलीला मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि सांगून टाकलं, ‘‘सर, राहिलं हो आपलं. मी उगाच मोठ्या तोंडाने बोलले.’’ चहावाल्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

एवढ्यात त्यागीजी आले. अक्षरशः पळत, टिळा घामाने ओघळलेला, हातात शिक्क्याचा कागद.

‘‘मैडम, मिठाई कहाँ है?’’

‘‘कसली मिठाई!’’ मी थेट मराठीतच सुरू केलं. ‘‘आमचंच खोकं राहावं? सात जातात आणि आमचं छूटता है? तीन दिन से हो जाएगा, हो जाएगा, और अब बोलते हो छूट गया?’’

त्यागीजी माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘हाँ तो छूट गया ना! आठों छूट गए! कस्टम से छूट गया, मैडम! आप रो क्यों रही हैं?’’

मी तिथल्या तिथे आर्याला फोन लावला. ती किंचाळली, ‘‘मावशी! कस्टम से छूटना म्हणजे सुटलं! जसं जेल से छूटतात!’’

‘‘मग गाडीचं?’’

‘‘गाडीचं अलग आहे ना यार!’’

म्हणजे जिथे मराठी चालवायची नव्हती तिथे चालवली, आणि जिथे चालली असती तिथे मी शहाणपणा केला! समीरने चष्मा डोळ्यांवर चढवला, तो कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसला. मी टपरीवरच्या सगळ्या मठऱ्या विकत घेऊन वाटल्या. अधिकारी बाईंनाही पाठवल्या होत्या, त्यांनी निरोपासह परत पाठवल्या: घेता येत नाही, पण डोलीची गोष्ट घरी सांगितली. मोठ्या डॉक्टरांना पुन्हा फोन केला, तर ते म्हणाले, ‘‘शिंदे मॅडम, आता काय झालं ते फक्त मराठीत सांगा.’’

तुम्हीही असं मशीन आणायला निघालात, तर ऑर्डर देण्याआधीच विकणाऱ्याकडून मशीनच्या प्लेटचा फोटो मागवा आणि नोंदणीच्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. खोक्यावर जाऊ नका. आणि हिंदीची खात्री नसेल तर सरळ विचारा, लाज कसली?

संध्याकाळी गाडी पकडली. उज्ज्वलाने पराठे दिले, आर्याने फलाटावरून ओरडून विचारलं, ‘‘मावशी, आता काय बोलणार?’’ गाडी हलली तशी मी ओरडले, ‘‘सुटलो!’’

मशीन ट्रकने आलं, मार्च संपायला दोन दिवस असताना. चार माणसांनी उचललं. समीरने पहिल्याच दिवशी सगळे साठलेले फोटो त्यात घातले आणि जेवायला न जाता समोर बसून राहिला. संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली आणि डॉक्टरांनी रात्री घरी न नेता तिथेच तपासली. अकरा जणांना तातडीने बोलवायचं होतं, त्यांना मी स्वतः फोन केले.

दोन दिवसांनी जतकडच्या एक आजी आल्या, फोटो काढायला. पूर्वी आम्ही त्यांना ‘‘तीन आठवड्यांनी कळवतो’’ म्हटलं असतं आणि त्यांनी तेवढे दिवस घोर लावून घेतला असता. आता त्या बाकावर बसून पदराने चेहरा पुसताहेत, तोवर रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी बघून मान डोलावली. डोळे स्वच्छ होते.

आजींनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘मंग म्या सुटले का, बाई?’’

समीरने दारातून माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना आणि डोळेही भरले.

‘‘सुटलात, आजी,’’ मी म्हटलं. ‘‘एकदम मराठीत सुटलात.’’