बासिलच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण

माझी आत्या, आनंदी पाटणकर, सदाशिव पेठेत प्रबंध टाइप करून देते. चौतीस वर्षं झाली. स्पेलिंग सुधारणार, पण मजकुरावर बोलणार नाही, हा तिचा नियम. कुणी मत विचारलंच तर म्हणते, "ते गाइडला विचारा. मला समास किती सोडायचा तेवढं सांगा."

बासिल पॅलेस्टाइनचा, नाब्लुसजवळच्या खेड्यातला. चार वर्षं पुण्यात कायद्याचं संशोधन करत होता. मोडकंतोडकं मराठी बोलायचा, अडलं की हिंदी. परक्या फौजेच्या ताब्यातल्या देशाचं शस्त्रांबद्दलचं धोरण, हा त्याचा विषय. त्याच्या देशाने २०१५ मध्ये अण्वस्त्रं न बाळगण्याचा करार स्वीकारला, क्लस्टर बाँबवरची बंदी स्वीकारली, पुढे भूसुरुंगांवरचीही. हे बरोबरच झालं, असं त्याने शेवटच्या प्रकरणात मांडलं होतं.

प्रबंध द्यायच्या शेवटच्या दिवशी मी आत्याच्या मदतीला गेले होते. छपाई सुरू होती. अकराच्या सुमारास बासिल आत आला, तो उभाच राहिला.

"मॅडम, लास्ट चॅप्टर डिलीट करा."

"का?"

त्याचा धाकटा भाऊ अनस आदल्या संध्याकाळी चुकलेली शेळी शोधत टेकडीमागे गेला होता. तिथे कुठल्यातरी जुन्या लढाईतला सुरुंग होता. कुणी पेरला, कुणालाच माहीत नाही. रात्रभर रस्ते बंद, त्यामुळे हॉस्पिटलात पोचायला पहाट झाली.

"दुसरे पेरून जातात," बासिलचा आवाज चढला, "आणि आम्ही सही करतो की आम्ही पेरणार नाही! ज्याच्या हातात काही नाही त्याने सही कशाला करायची? लिहा, आमचं चुकलं."

आत्याने प्रिंटर थांबवला. कीबोर्डवर हात ठेवले, पण टाइप काहीच केलं नाही.

"भावाला कुठे लागलंय?"

"उजवा पाय. डॉक्टर मांडीतून कापायचं म्हणतात. तासाभरात."

आत्याने फोन उचलला. "श्री, दुकानात ये. आत्ता. नाही, जेवून नाही."

श्रीधर म्हणजे माझे बाबा. फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. घरी त्याला "अपघात" एवढंच म्हणतात, आणि मीही कधी जास्त विचारलं नव्हतं. नारायण पेठेतून स्कूटरवर ते दहा मिनिटांत आले. आत्याने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाबांनी खुर्ची ओढली आणि पँट वर केली.

"नीट बघ. गुडघा आहे म्हणून मी जिना चढतो, स्कूटर चालवतो. मांडी लगेच नको. गुडघा वाचतो का, एवढं विचार. लाव फोन."

बासिलने वडिलांना फोन लावला. अरबीत भराभर बोलला, मध्येच बाबांच्या पायाकडे बघत. लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागलीच नाही. आम्ही चौघं त्या फोनकडे बघत बसलो. बाहेर कुणीतरी झेरॉक्स विचारायला आलं, आत्याने नुसत्या हातानेच परत पाठवलं. वीस-पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टर प्रयत्न करणार होते. खात्री देत नव्हते.

बासिल खाली बसला. जरा वेळाने त्याने बाबांना विचारलं, "तुमचा सुरुंग कुणाचा होता?"

"आमचाच. २००२ साली, सीमेवर. मी स्वतः पेरत होतो." बाबांनी पँट सारखी केली. "एकदा पेरला की तो कुणाचाच राहत नाही."

माझ्यासमोर बाबा हे पहिल्यांदाच बोलत होते. मी मान खाली घालून कागद जुळवत राहिले.

अडीच वाजले. आत्या म्हणाली, "पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होते. बाइंडिंगलाही वेळ लागेल. प्रकरण काढू की ठेवू? प्रबंध तुझा आहे, मी सांगणार नाही."

"ठेवा," बासिल म्हणाला. " पण एक वाक्य घाला. हे बरोबर होतं असं मला अजून वाटतं, पण आज हे लिहिणं मला जड जातंय."

"प्रबंधात 'मला' चालत नाही," आत्या म्हणाली. आणि वाक्य जसंच्या तसं टाइप केलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रबंध खिडकीतून आत गेला. अनसचा गुडघा वाचल्याचं कळायला आणखी दोन दिवस लागले. ते दोन दिवस बासिल आमच्याच घरी होता. बाबांनी त्याला एकटं सोडलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "ज्या देशाकडे बाँब करायची ताकदच नाही, त्याने तो न करण्याची शपथ घेण्याला अर्थ काय?"

"सर, ताकद आल्यावर कोण शपथ घेतं?" बासिल म्हणाला. "आणि स्वतः घेतली नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विचारायचं?"

परीक्षकांनी ते वाक्य काढून टाकायला सांगितलं नाही. बासिलला पदवी मिळाली. आता तो अम्मानमध्ये शिकवतो.

अनसला नवा पाय बसला तेव्हा जखमेची जागा सोलवटायची. बाबा दर रविवारी त्याला व्हिडिओ कॉल करून कृत्रिम पायाच्या आत घालायचा मोजा कसा चढवायचा ते दाखवत. एकाला अरबी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. परवा अनस बाबांना घराचा जिना चढून दाखवत होता, आणि बाबा इकडून ओरडत होते, "सावकाश! कठडा धर, कठडा!"